रस्त्याला शब्द नसलेली भाषा

मी फ्रेंच शिकायला लागले आणि आमच्या घरातलं मीठ भराभर संपायला लागलं. फ्रेंचमधला ‘र’ घशातून काढायचा असतो. तो यावा म्हणून मी रोज सकाळी मोरीत उभी राहून मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत ‘पारी, पारी’, म्हणजे पॅरिस, असं घोकायची. गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवून माझ्याकडे बघत राहायची. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आठवडाभर हे ऐकून घेतलं आणि मग आईला सांगितलं, “पोरीचा घसा कुणाला तरी दाखवून आण बाई.” आई चुलीपुढून म्हणाली, “घसा बरा हाय तिचा. पुण्याची हवा लागलीय.” मला वाईट वाटायचं, पण अभिमानही वाटायचा. पुण्याजवळ मांजरी गावात उसाच्या फडाला लागून असलेल्या तीन खोल्यांच्या घरात राहून, रोज दोन बस बदलून कॉलेजात जाणारी आणि जेवायला बसताना भाकरीला ‘बोनापेती’, म्हणजे ‘सावकाश जेवा’, म्हणणारी अख्ख्या पंचक्रोशीत मी एकटीच होते. ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते.

दादा जवळच्या ऊस संशोधनाच्या संस्थेत शेतावर मुकादम होते. कॉलेजात मी सांगायची, “वडील ऊस संशोधनात आहेत.” त्यात खोटं काही नव्हतं. ते संशोधन ते विळा आणि टेप घेऊन करत, एवढंच मी सांगत नसे. कुणी ‘राहतेस कुठे?’ विचारलं तर ‘हडपसरच्या पुढे’ म्हणून विषय बदलायचा. वर्गातल्या मुली पेठांमधल्या, नाहीतर कोथरूड-डेक्कनच्या. त्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं होती आणि त्यांच्या आया ‘अहो’ म्हणताना सुद्धा शुद्ध म्हणायच्या. माझ्या तोंडून कधी ‘हाय’ निसटलं तर मी पटकन खोकायची. वर्षभर मी इतकी खोकले की शेजारी बसणाऱ्या मुलीनं मला एकदा खडीसाखर आणून दिली.

साखरेचं निघालंच आहे तर आईचं सांगते. आमच्या घरात साखर होती, तो शब्द नव्हता. आजोबांचं नाव सखाराम. ते मी जन्मायच्या आधीच गेले होते, पण सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावाशी आवाज जुळणारं काही उच्चारायचं नाही, ही आईची रीत त्यांच्यामागेही तशीच चालू होती. चहात घालायचं ते ‘पांढरं’. दुकानातून आणायचं तेही ‘पांढरं’. नवऱ्याची रोजीरोटी ज्या संस्थेत, तिला ती ‘दादांचं हापिस’ म्हणायची, कारण खऱ्या नावात नेमका तो शब्द होता. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की आई खाली माझ्याकडे बघायची आणि मी, पाच वर्षांची, टाचा उंच करून ओरडायची, “ज्ञानोबा सखाराम!” हे माझं घरातलं पहिलं काम. मी ते अगदी चोख करायची. पुढे शाळा संपली, फ्रेंच आलं, आणि मला हा सगळा प्रकार गावंढळ वाटायला लागला.

अशात एका संध्याकाळी दादा एका पाहुण्या बाईंना घेऊन आले. नोमुसा त्यांचं नाव. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या भागातल्या, तिकडेही आपल्यासारखाच ऊस. उसावरच्या रोगांचं शिकायला त्या सहा महिने आल्या होत्या आणि संस्थेच्या अतिथीगृहाचं छत दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून त्या आमच्याकडेच राहणार होत्या. बत्तीस वर्षांच्या असतील. उंच, डोक्याला कायम घट्ट रुमाल बांधलेला, घरी नवरा, लहान मुलगा आणि सासरे. दादांचं इंग्रजी उसाच्या जातींच्या नंबरांपुरतं होतं, पण दोघांचं पहिल्या दिवसापासून झकास जमलं. आईनं एकच विचारलं, “भाकरी खाती का ती?” मी ते भाषांतर करून सांगितलं. नोमुसाताई हसल्या आणि म्हणाल्या की त्यांच्याकडे मक्याच्या भरड पिठाचं मोकळं मोकळं शिजवतात, त्याला उफूथू म्हणतात, आणि ते आंबट दुधाबरोबर खातात. हे मी मोठ्या कौतुकानं, जगाची माहिती दिल्यासारखं आईला सांगितलं. आई म्हणाली, “म्हंजी ताक-कण्या.” दुसऱ्या दिवशी तिनं केल्याच. दोघी बसून एका ताटलीत खात होत्या आणि मी समोर चमच्यानं आवाज न करता आमटी पीत होते.

नोमुसाताईंची भाषा झुलू. त्या भाषेत जिभेनं ‘टक्’ करून काढायचे तीन आवाज आहेत. मला फार उत्सुकता. त्यांनी पहिला काढून दाखवला, तर तो आपण हळहळताना ‘च्च च्च’ करतो तो. तिसरा जिभेच्या कडेनं, गालाकडून काढायचा. मी अर्धा तास तोंड वाकडं करून बसले, तो काही निघेना. दादा ओसरीवर बूट काढत होते. त्यांनी मान न वळवता तो खणखणीत काढला. बैल हाकताना आयुष्यभर दुसरं काय केलं होतं त्यांनी? नोमुसाताईंनी टाळ्या वाजवल्या. घशातला एक ‘र’ यावा म्हणून जिनं पोतंभर मीठ संपवलं, तिच्या देखत तिच्या बापानं पहिल्या फटक्यात झुलू उच्चार केला, हे मला आवडलं नाही.

याच सुमाराला आमच्या फ्रेंच विभागानं एक भाषणस्पर्धा जाहीर केली. विषय ‘दोन भाषा’. बक्षीस म्हणजे सहा आठवडे फ्रान्समध्ये, एका कुटुंबात राहायला. सहा आठवडे! मी त्या रात्री झोपेत फ्रेंच बोलले असं आई म्हणते. वर्गातल्या सगळ्या मुली फ्रेंच आणि संस्कृत, फ्रेंच आणि इंग्रजी, फ्रेंच आणि मराठी असं काहीतरी करणार हे उघड होतं, आणि त्या विषयांत आमच्या केळकर बाई कुणाला सोडणार नाहीत हेही उघड होतं. केळकर बाई विभागप्रमुख. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्याची त्यांना गरज पडली नाही. एकदा एका मुलीनं उत्तर चुकवलं आणि तेच पुन्हा जोरात सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, “ऐकू आलं होतं. चूकही ऐकू आली होती.” तर अशा बाईंपुढे मी डोकं लढवलं. मी फ्रेंच आणि झुलू घेणार. का? तर झुलू अख्ख्या पुण्यात तपासणार कोण? माझ्या हुशारीचा कस एवढाच होता. जिला येते ती आमच्याच स्वयंपाकघरात कण्या खात बसलेली असते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही असं नाही. ते मी माझ्या फायद्याच्या रकान्यात धरलं.

मी वही आखली. एका बाजूला फ्रेंच, एका बाजूला झुलू, आणि रोज संध्याकाळी नोमुसाताईंच्या मागे लागले. आई भाकऱ्या थापायची, त्या कांदा चिरायच्या, मी प्रश्न विचारायची. मी ऐटीत सांगितलं की फ्रेंचमध्ये प्रत्येक वस्तू स्त्री तरी असते नाहीतर पुरुष. त्यांनी विचारलं, “दोनच?” झुलूत म्हणे माणसांचा एक गट, झाडांचा एक, जनावरांचा एक, असे कितीतरी गट, आणि शब्द पुढून बदलतो. माणूस ‘उमुंतू’, माणसं ‘अबांतू’. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, “आपलं शेपटाला बदलतं, त्यांचं डोक्याला. एवढंच की.” मी फ्रेंचमधला आदरार्थी ‘तुम्ही’ समजावला, तर आई म्हणाली, “मग ‘अहो’ काय वेगळं असतं?” नोमुसाताई म्हणाल्या, वडीलधारं माणूस एकटं असलं तरी त्याला अनेकांना करावा तसा नमस्कार करतात. दोघी एकमेकींकडे बघून माना डोलवायच्या. मी वहीत लिहायची, पण दोघींनी मिळून माझं भाषण अर्धं लिहून दिलंय हे काही मला दिसायचं नाही.

मग मी शब्दांची यादी काढली. पाणी, अमांझी. घर, इंद्लू. विस्तव, उमलीलो. रस्ता? नोमुसाताई थांबल्या. कांदा चिरणं थांबलं. मग म्हणाल्या, “इन्यातुको.” मी अर्थ विचारला. पाय देऊन चालतात ते, असा काहीतरी होता. मी विचारलं, हा तर ‘चालण्याची जागा’ असा जोडून केलेला शब्द झाला, नुसता रस्ता म्हणजे काय? त्या हसून म्हणाल्या, “मी हाच वापरते.” मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि कांद्याकडे वळल्या. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “आगं, नसंल तिला घ्यायचा तो शब्द. कशापायी खोदतीस?” मी म्हणाले, “आई, हे भाषाशास्त्र आहे.” आई पुढची भाकरी थापायला लागली. पुढे मी माझ्या मुलीच्या तोंडून असंच काहीसं ऐकलं तेव्हा आपण किती असह्य होतो याचा मला नीट अंदाज आला.

आईला हे सुचलं कुठून, तेही सांगते. दर पंधरवड्याला नोमुसाताईंना घरून पत्र यायचं. ते संस्थेच्या पत्त्यावर यायचं, आणि दादा ते आणताना पाठीमागचं नाव दारातूनच मोठ्यानं वाचायचे, “वुलिंद्लेला! पत्र आलंय वुलिंद्लेलाचं!” ते त्यांच्या सासऱ्यांचं नाव. दादांना ते नाव म्हणायला भारी आवडायचं. ते म्हणताना छाती पुढे काढायचे. आणि दर वेळी नोमुसाताई डोक्यावरचा रुमाल सारखा करून नजर खाली घालायच्या. ते मीही पाहिलं होतं, आईनंही पाहिलं होतं. मला वाटलं त्यांना घरची आठवण येते.

मला मात्र भाषणाचा कळस सापडला होता. फ्रेंचमध्ये रस्त्याला किती शब्द! मोठा रस्ता, गल्ली, पायवाट, झाडांचा रुंद रस्ता, सगळ्यांना वेगळे. आणि झुलूत रस्त्याला स्वतःचा शब्दच नाही! का नाही? मी कारणही शोधून काढलं. ज्यांनी रस्ते बांधले त्यांनी शब्द घडवले, ज्यांनी नुसते पाय टाकले त्यांना शब्दाची गरजच पडली नाही. हे वाक्य मी फ्रेंचमध्ये लिहिलं तेव्हा मला स्वतःचाच इतका हेवा वाटला की मी ते म्हशीला म्हणून दाखवलं. मांजरी ते हडपसर हा ज्या रस्त्यावरून मी रोज जायची, त्यावर तेव्हा डांबरापेक्षा खड्डे जास्त होते. पण सुचतंय कुणाला!

स्पर्धेला नोमुसाताई हव्यातच असा माझा हट्ट. अस्सल झुलू बाई पहिल्या रांगेत बसली की परीक्षकांवर छाप पडेल. त्यांना मी ‘माझा जिवंत पुरावा’ म्हणाले होते, त्यांच्या तोंडावर, आणि त्या माउलीनं तेही हसून घेतलं. त्या म्हणाल्या, आई येणार असतील तर येते. आता आली का पंचाईत. आईला नाही कसं म्हणणार? मी तिला माझ्या पसंतीचं लुगडं नेसायला लावलं, नथ काढायला लावली आणि बसमध्ये बसल्यावर सांगितलं, “तिथं तू फक्त बोलू नकोस.” आई म्हणाली, “बरं.” नुसतं ‘बरं’ म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. आज एवढ्या वर्षांनी ते ‘बरं’ आठवलं की मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

भाषण मात्र फक्कड झालं. घशातला ‘र’ असा वाजला की मागच्या रांगेतल्या मुलीसुद्धा गप्प झाल्या. रस्त्यांच्या मुद्द्यावर टाळ्या पडल्या. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती. केळकर बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पहिल्या रांगेकडे वळून नोमुसाताईंना इंग्रजीत विचारलं, “तुमच्या भाषेत रस्त्याला शब्द नाही, हे खरं आहे?” नोमुसाताईंना माझं फ्रेंच कळलं नव्हतं. मी काय बोलले ते त्यांना आत्ता, या प्रश्नातून कळलं. त्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, “शब्द आहे.” बाई म्हणाल्या, “काय आहे तो?”  बाईंनी सौजन्यानं पुन्हा विचारलं, सगळ्यांना ऐकायला आवडेल म्हणाल्या. नोमुसाताईंचा हात रुमालाकडे गेला, नजर खाली. सभागृह बघतंय. आणि या क्षणी, माझं सहा आठवड्यांचं फ्रान्स हातचं जातंय हे दिसल्यावर, मी काय केलं असेल? मी माइकवरून म्हणाले, “बघा. नाहीच आहे.”

आई उभी राहिली. “बाई,” ती म्हणाली, “तिला आग्रह नका करू. तिला न्हाई घेता यायचा त्यो शब्द. तिच्या सासऱ्याच्या नावात हाय त्यो.” सगळं सभागृह तिच्याकडे बघायला लागलं. केळकर बाईंनी विचारलं, “आपण कोण?” आई म्हणाली, “हिची आई.” आणि बोट सरळ माझ्याकडे. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, मी तर व्यासपीठाच्या फळ्यांमधली फट शोधत होते. बाईंनी विचारलं, “तुम्हाला कसं कळलं?” आई म्हणाली, “आमच्यातबी तसंच हाय की. च्यात पांढरं घालत्यात न्हाई का, त्याचं नाव म्या लग्न झाल्यापास्नं घेतलं न्हाई.” बाई म्हणाल्या, “साखर?” आई म्हणाली, “त्येच.” कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही पुढे ओढली आणि विचारलं, “सासऱ्यांचं नाव काय आपल्या?”

आईनं माझ्याकडे बघितलं. अगदी रेशनच्या दुकानात बघायची तसंच. तिला शंकाही नव्हती. हे काम माझं होतं, आणि मी ते कधी चुकवलं नव्हतं. चार अक्षरं. माझ्यासमोर तर माइक होता, टाचा उंच करायचीही गरज नव्हती. पण ती चार अक्षरं उच्चारली की मी हडपसरच्या पुढची, संशोधकाची मुलगी राहणार नव्हते. मी त्या लुगड्याची होणार होते, त्या ‘हाय की’ची. मुली माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं आणि खोकले.

“सखाराम,” नोमुसाताई म्हणाल्या. हळू, स्वच्छ, मान किंचित झुकवून. आमच्या ओसरीवरच्या फोटोतल्या म्हाताऱ्याचं नाव त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं. एवढं मराठी त्यांना आता कळत होतं, आणि तो त्यांचा सासरा नव्हता, त्यांना बंधन नव्हतं. आईनं त्यांचा हात धरला आणि बाईंना म्हणाली, “आन् हिच्या सासऱ्याचं, वुलिंद्लेला.” दादांसारखंच, छाती पुढे काढून. केळकर बाईंनी ते लिहून घेतलं, पुटपुटून बघितलं. “म्हणजे रस्ता, इंद्लेला?” नोमुसाताई हो म्हणाल्या नाहीत, नुसत्या हसल्या. मग बाईंनी मला विचारलं, “हे तुम्हाला घरात कुणी सांगितलं नव्हतं?” मी म्हणाले, “विचारलं नाही.” बाई म्हणाल्या, “आपल्या घरात दोन भाषातज्ज्ञ आहेत. तिसऱ्या तुम्ही नव्हे. बसा आता.”

फ्रान्सला संस्कृतवाली मुलगी गेली. तिचं भाषण फार कंटाळवाणं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. परतीच्या बसमध्ये आई एका बाजूला, मी एका बाजूला आणि मध्ये नोमुसाताई. मी त्यांना कशीबशी ‘सॉरी’ म्हणाले. त्यांनी स्वतःच्या पुडीतल्या शेंगदाण्यांतले निम्मे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “तुझा ‘र’ चांगला आहे.” आईला मी काहीच म्हणू शकले नाही. सॉरी हा शब्द आमच्या घरात आईला म्हणायची रीत नव्हती आणि मराठीत काय म्हणायचं ते मला सापडेना. आईनंही तो विषय कधी काढला नाही. घरी आल्यावर तिनं चहा टाकला, मला म्हणाली, “पांढरं दे.” मी डबा दिला.

पुढे फ्रेंच मी पोटासाठी वापरलं. हिंजवडीतल्या एका कंपनीत वीस वर्षं वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिका भाषांतरित केल्या. फ्रान्सला एकदाच गेले, चार दिवस. विमानतळ, हॉटेल आणि एक गोदाम बघितलं. नोमुसाताई आता आजी आहेत. रविवारी मोबाइलवर दिसतात. त्यांच्या नावात झुलूतला कृपा हा शब्द आहे, म्हणून त्यांची सून तो टाळून वेगळाच शब्द म्हणते. सोडून दे म्हटलं तर ऐकत नाही, असं त्या तक्रारीच्या सुरात सांगतात आणि खूश दिसतात. आईला मधुमेह झाला आहे. ‘शुगर’ ती बिनदिक्कत म्हणते, इंग्रजीत तिला सासरे नाहीत.

गेल्या महिन्यात तिच्या मोतीबिंदूसाठी दवाखान्यात गेलो होतो. खिडकीतल्या मुलीनं संगणकावरून नजर न काढता विचारलं, “आजी, मिस्टरांचं पूर्ण नाव?” दादा जाऊन सहा वर्षं झाली. आईनं माझ्याकडे बघितलं. आता ती माझ्या खांद्याला लागते, त्यामुळे तिला मान वर करावी लागली. मागे वीसेक माणसांची रांग, सूटबूटवाले, कॉलेजच्या पोरी, सगळे. मी म्हणाले, “ज्ञानोबा सखाराम!” इतक्या मोठ्यानं, की रांग तर सोडाच, आतल्या डॉक्टरांनीही दार उघडून बघितलं. खिडकीतली मुलगी दचकली. आई शांतपणे म्हणाली, “हळू. बहिरी न्हाई ती.” मग पदर सारखा करून, माझ्या हाताला धरून बाकाकडे निघाली आणि चालता चालता, जणू कालचीच गोष्ट असावी तशी म्हणाली, “तवा कुठं गेला व्हता गं ह्यो आवाज?”